आईनं निवडलेली गाडी

माझ्या वडिलांनी, आबांनी, घर घ्यायचं ठरवलं तेव्हा एकच गोष्ट पक्की केली होती. ते जमिनीवर नको. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. फक्त खाली चाकं हवीत. उतारवयात माणूस असला हट्ट धरून बसला की घरचे त्याला समजावतात. आमच्या घरी समजावणारं कोणी नव्हतं. आई फारसं बोलायची नाही आणि मी तर त्यांच्याच बाजूची होते.

हट्टाला कारण होतं. आमचं गाव मुळा नदीच्या काठी होतं आणि धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. माझा जन्म त्यानंतरचा, पौडच्या भाड्याच्या खोलीतला, म्हणून गाव मला माहीत ते आबांच्या बोलण्यातून. घराची दारं-चौकटी त्यांनी बैलगाडीत घालून आणल्या होत्या. त्या लावायला घरच नव्हतं, ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात त्या जळणात गेल्या. शेत गेल्यावर ते एका शेठच्या मोटारीवर आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाले. पौड ते पुणे, पुणे ते पौड. सगळ्या मुलखाला घरी पोचवून यायचे आणि स्वतः भाड्याच्या खोलीत निजायचे.

मग सरकारी गाड्या सुरू झाल्या आणि शेठच्या गाड्या बसल्या. गिरणीमागच्या आवारात तीन बस उन्हापावसात उभ्या होत्या. कोंबड्या त्यांच्याखाली अंडी घालायच्या. शेठ त्या भंगारात काढणार हे कळल्यावर आबांच्या डोक्यात ते घर शिरलं.

"ह्यातली एक घ्यायची," ते मला म्हणाले. "मागल्या अंगाला चूल, पुढं बाजलं. बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावात उबी करायची, चहा-भजी इकायची. जत्रा आली की जत्रंला. घोटवडं झालं, नेरं झालं, कासारसाई झालं, मन आलं तर पार घाटाखाली."

"आणि पाणी आलं तर?" मी चिडवायची.

"तर हँडल मारायचं आन् निगायचं," ते गंभीरपणे म्हणायचे. "ह्या घराला कोन बुडिवतंय ते बगतोच मी."

मी तेव्हा नेऱ्याच्या शाळेत मास्तरीण होते आणि तिथंच एका घरी खोली घेऊन राहत होते. शनिवारी पौडला यायची. आईवडिलांचं घर एक दिवस आपल्या शाळेसमोर येऊन उभं राहील, या कल्पनेनं मला इतकं हसू यायचं की वर्गात खडू खाली पडायचा. लोक नावं ठेवतील याची मला फिकीर नव्हती. लग्न न करता नोकरी करते म्हणून मला नावं ठेवून लोकांचं तोंड आधीच दुखलेलं होतं.

आबांनी महिनाभर त्या तिन्ही गाड्या तपासल्या. लग्नासाठी मुलगी बघतानाही कोणी इतकी चौकशी करत नाही. बोटाच्या पेरानं लाकडाचा सांगाडा ठोकून बघायचे, खाली सरपटत जाऊन स्प्रिंगांचे पाटे बघायचे, पाऊस पडून गेला की लगेच जाऊन टप कुठं गळतो ते बघून यायचे. बाकांमधल्या मोकळ्या जागेत आडवे पडून पाय कुठं पोचतात तेही बघायचे. पहिली गाडी त्यांनी स्वतः चालवलेली होती. तिचं इंजिन अजून ठणठणीत होतं आणि त्यांचा जीव तिच्यातच होता. दुसरी लांब आणि ऐसपैस, पण काम मागणारी. तिसरी लढाईच्या दिवसांत कोळशावर चालायची. तिचं इंजिन शेठनं कधीच काढून विकलं होतं. ती चार दगडांवर उभी होती, चाकं शेजारी पडलेली. तिच्याकडे आबा ढुंकूनही बघत नसत.

निवड झाल्यातच जमा होती, फक्त एक गोष्ट राहिली होती. आमच्या लोकांत घर पुरुषानं बांधायचं, पण चुलीची जागा बाईनं दाखवायची. घरची बाई रिकाम्या जागेत फिरते आणि जिथं मन लागेल तिथं बसून भुईवर तळहात टेकवते. एकदा हात टेकला की तो उचलून दुसरीकडे ठेवायचा नाही, मग घरधनी कितीही कुरकुरो. आबांना वाटलं, गाडी असली म्हणून काय झालं, घर म्हणायचं तर रीत झाली पाहिजे. एका रविवारी ते आईला घेऊन आवारात गेले. मी बरोबर होते. शेठही तिथं आला होता.

आई पहिल्या गाडीत चढली. आबा पुढं होऊन एकेक दाखवत होते. इथं डबे, इथं कंदील, धूर जायला इथं पत्र्याचं नळकांडं. आईनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "ही किती लांब जाती?"

आबा खुलले. इतक्या वर्षांत तिनं गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं. "तू म्हनशील तितं. सातारा, नगर, पार समुद्रापातुर नेतो तुला."

आई खाली उतरली. दुसऱ्या गाडीपाशी तिनं तेच विचारलं आणि आबांनी थोडंफार तेच उत्तर दिलं. मग ती तिसरीकडे वळली.

"वैनी, तिच्यात इंजानच न्हाई," शेठ हसत म्हणाला. "तिला काय बगताय?"

दगडावर पाय देऊन, दाराचा दांडा धरून आई वर चढली. आत कोंबडीची पिसं होती, बाकांचा काथ्या बाहेर आला होता. ती सरळ मागच्या टोकाला गेली, पदर खोचून बसली आणि तिनं फळीवर तळहात टेकला.

"चूल हितं," ती म्हणाली.

शेठचं हसू विरलं. आबा दारात उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही करू शकत होते. मी करणार काय? हात टेकला होता.

घरी परतताना आबा पुढं चालले होते आणि आम्ही दोघी मागं. मला आईचा भयंकर संताप आला होता. आयुष्यात त्या माणसानं स्वतःसाठी एक गोष्ट मागितली होती आणि तिनं ती चार दगडांवर नेऊन बसवली होती. ओढ्यापाशी आबा थांबले आणि वळले.

"जानूनबुजून केलंस ना?"

"व्हय," आई म्हणाली.

"का पन?"

"तुमाला जायचं तर जावा तुमी. मी न्हाई म्हनत न्हाई. मला लांब जाता यायचं न्हाई." आणि मग खाली बघत म्हणाली, "ती हाय ना तितं."

कोण, ते मला कळलं नाही. आबांना कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी घाबरले. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय.

माझ्याआधी या दोघांना एक मुलगी झाली होती. ते मला त्या दिवशी, त्या ओढ्याच्या काठी, इतक्या मोठ्या वयात कळलं. धरणाचं नावही निघालं नव्हतं तेव्हा ती तापानं गेली. दात यायच्या आत गेलेल्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला पुरुषच जातात. आबा तिला पुरून घरी आले तेव्हा आईनं विचारलं, कुठं ठेवलीत? आबांनी सांगितलं, वेशीवरच्या जांभळीखाली. त्यानंतर दोघांनी तिचा विषय कधी काढला नाही. आबांना वाटलं, ती विसरली.

"उन्हाळ्यात पानी खाली गेलं की जांभळीचं खोड उगडं पडतंय," आई म्हणाली. "मी जाऊन बसते तितं. दर साली जाते. तुमाला सांगते करवंदाला चाललेय म्हनून."

तिची करवंदांची पाटी दर वर्षी अर्धीच भरलेली असायची आणि पायांना वाळलेला गाळ लागलेला असायचा. त्यावरून तिची खूप थट्टा केली होती आम्ही दोघांनी. आबा काठावरच्या खडकावर बसले. आई पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"बरं," ते शेवटी म्हणाले.

ती बिनइंजिनाची गाडी त्यांनी घेतली. चाकं चढवली आणि बैलांच्या जोड्या जुंपून ओढत ओढत धरणाच्या वरच्या अंगाला नेली. तिथं एका नातेवाइकाचा मुरमाड पडीक तुकडा होता. वाटेतल्या गावांनी ती मिरवणूक बघायला गर्दी केली. आबा आत स्टेअरिंग धरून बसले होते, कारण ओढतानाही गाडी कोणीतरी वळवावी लागते. तेवढाच त्या घराचा प्रवास.

घर मात्र छान झालं. आईनं फळीवर माती थापून चूल घातली, आबांनी टपाला डांबर लावलं, रस्त्यानं जाणाऱ्यांना चहा मिळू लागला. मी सुटीला जायची तेव्हा पुढच्या बाकावर निजायची. कधी पहाटे डोळा उघडला तर आबा ड्रायव्हरच्या जागेवर चहा घेत बसलेले दिसायचे. दुसरा हात स्टेअरिंगवर असायचा आणि काचेतून समोरच्या पाण्याकडे बघत ते स्टेअरिंग हळूच इकडेतिकडे फिरवायचे. मला ते बघवायचं नाही. मी डोळे मिटून पडून राहायची.

उन्हाळ्यात आई आता उघडपणे खाली जायची. आबा तिच्याबरोबर कधी गेले नाहीत. वरून बघत राहायचे आणि ती चढ चढून परत आली की तिला पाणी द्यायचे.

अशी काही वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात न्यूमोनियानं आई गेली. जाण्याआधी तिनं एवढंच मागितलं की राख त्या जांभळीपाशी, पोरीजवळ टाका. तेव्हा धरण भरलेलं होतं, खोड कुठंतरी खोल पाण्यात होतं. आम्ही होडीतून गेलो. समोरची टेकडी आणि देवळाचा कळस यांच्या खुणेवरून होडीवाल्यानं जागा बरोबर ओळखली आणि वल्हं थांबवलं. आबा म्हणाले, "फुडं घे." त्यानं पुढं घेतली. "आजून फुडं." आम्ही पार मधोमध गेलो, जिथं पाणी काळं दिसत होतं. तिथं त्यांनी मडकं रिकामं केलं. मी रडत होते आणि तशातही चिडले. आईनं एवढं एकच सांगितलं होतं, तेही तुम्हाला ऐकता आलं नाही, असं मी सगळ्यांदेखत बोलले. त्यांनी होडी वळवायला सांगितली.

मे महिन्यात सुटी लागली तशी मी त्यांच्याकडे गेले. पाणी उतरलं होतं आणि खालच्या गाळात ते खोड दिसत होतं. आईच्या ऐवजी यंदा मी जाऊन येते, असं मी म्हणाले.

"तितं न्हाई ती," आबा म्हणाले.

मला वाटलं आईबद्दल बोलताहेत.

"पोर. पोर न्हाई तितं. कवाच नव्हती." ते चुलीकडे बघत बोलत होते. "जांभळीखाली समदा खडक. कुदळ उडायला लागली. मग आमी तिला खाली नदीच्या काठाला नेली, तितली माती मऊ. घरी आल्यावर तुजी आई म्हनाली, कुटं ठेवलीत? नदीकाठाला म्हनलो असतो तर पावसाळ्यात पुरानं नेली म्हनून रडत बसली असती. जांभळीखाली सावली असती, म्हनून तसं म्हनलो. तवा काय ठावं, पानी दोन्हीवर यायचं हाय." नदीचं पात्र धरणाच्या तळाशी असतं. ते कुठल्याच उन्हाळ्यात उघडं पडत नाही.

होडी पुढं का नेली ते मला तेव्हा कळलं. आईला त्यांनी पोरीपाशीच सोडलं होतं.

तरी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मग त्या दिवशी ओढ्यापाशी का नाही सांगितलंत? तेव्हा खरं सांगितलं असतं तर ती कुठंही आली असती तुमच्याबरोबर. तुमची गाडी चालली असती, आबा."

"आली असती," ते म्हणाले. "पन मग ती बसली कुटं असती?"

एवढं माहीत असून या माणसानं त्या पाण्याच्या काठावर, जागच्या जागी, सगळी वर्षं काढली होती. मी त्यांचा हात धरला आणि मोठ्यानं रडले. ते रडले नाहीत. जरा वेळानं त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि काठी घेऊन ते उतरायला लागले. मी वरून बघत होते. गाळातून पाय उचलत ते खोडापर्यंत गेले आणि आई जिथं बसायची तिथं बसले. पुढं दर उन्हाळ्यात ते तसेच जात राहिले. तिथं त्यांची मुलगी नव्हती, बायकोही नव्हती, आणि हे त्यांना माहीत होतं.