उटणं आणि माझा डावा हात

आमच्या हिला लोक ललितावहिनी म्हणतात. घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिच्या तेलाची बाटली नाही असं एक बिऱ्हाड दाखवा. तेल, शिकेकाई, उटणं, सगळं घरी. खोली दहा बाय बाराची, त्यात पलंगाखाली रिठे, पंख्याखाली वाळत घातलेली जास्वंद, आणि फ्रिज उघडला की कोरफड. दही समजून मेथीचा लेप भातावर घेतलाय मी एकदा. हिला सांगितलं तर म्हणाली, "वाया घालवलात ना."

वीस वर्षं ती लालबागला एका कातडीच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होती. तिथून हा रोग लागला. तपासल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. आणि तपासायचं कुणावर, तर माझ्यावर. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने चौकोन काढायचा, त्यात लेप, वर पट्टी, आणि चोवीस तास पाणी लावायचं नाही. का, तर माझी कातडी नाजूक. "तुमच्यावर उठलं नाही तर कुणावरच उठत नाही," असं चारचौघांत सांगते. गोदीत पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने हे कौतुक ऐकून कुठे तोंड लपवायचं?

बाहेर कॅरमला बसलो की शेजारचा कुशाबा विचारणार, "काय हो, इसब वाढलं वाटतं?" रोज. वैताग आला मला. म्हणून गेलं वर्षभर मी साधा उपाय केला होता. हिची पाठ फिरली की मोरीत जाऊन धुऊन टाकायचं, कोरडी पट्टी परत लावायची, आणि दुसऱ्या दिवशी हात दाखवायचा. "काही झालं नाही." आणि खरंच कधी काही झालं नाही. ती माल चांगलाच आणते, मग माझा छळ कशाला?

मग अनुजाचं लग्न आलं. अनुजा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पोरीची कातडी माझ्यासारखीच, घराण्याची देणगी. दुकानातलं एक क्रीम लावून साखरपुड्यात तोंड सुजलेलं, फोटोत मान खाली. तेव्हा तिने काकूला सांगून ठेवलं, "हळदीला तुझंच उटणं. दुसरं काही मी तोंडाला लावू देणार नाही." भावाची बायको रुपाली कुरकुरली, पण पोरगी ऐकेना.

गुरुवारी हिने माझा हात ओढला. "आंबेहळद आणि कपूरकाचरी नव्या दुकानातली आहे. आज नीट ठेवा हो, अनुजाच्या तोंडाचा प्रश्न आहे." मी हो म्हटलं. कॅरमची फायनल होती. अर्ध्या तासात धुतलं. शुक्रवारी संध्याकाळी हिने चौकोन निरखून बघितला, वास घेतला, आणि समाधानाने डबा भरला.

शनिवारी सकाळी आठला ती हळदीसाठी परळच्या हॉलवर गेली. जाताना म्हणाली, "उरलेलं वाटीत आहे. अंघोळीला लावा, जरा माणसात दिसाल." लावलं मी. दोन्ही हात, मान, सगळीकडे. अर्ध्या तासात आग आग. आरशात बघतो तर मानेवर लालभडक गांधी, हातावर तर नकाशाच.

फोन केला, उचलेना. परत केला. तिकडे बँजो वाजत असणार, हिचा फोन पर्समध्ये, पर्स कुठल्या तरी खुर्चीवर. तसाच ओल्या अंगावर शर्ट चढवून टॅक्सी पकडली. त्या टॅक्सीवाल्याने भारतमाता टॉकीजपाशी सिग्नल पाळला, त्याच्यावरसुद्धा ओरडलो. बिचाऱ्याचा काय दोष?

पोचलो तेव्हा अनुजा पाटावर बसलेली, रुपालीच्या हातात आंब्याचं पान, पान वाटीत बुडालेलं. मी घुसलो आणि हिच्या कानात सांगितलं, "थांबव. गुरुवारी धुतलं होतं मी." आणि बाही वर केली.

हिने हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग जाऊन रुपालीच्या हातातली वाटी काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे लावू नका. चुकलं माझं. न तपासता आणलं."

चाळीस वर्षांच्या संसारात मीठ जास्त झालं तरी हा शब्द हिने कधी उच्चारला नव्हता. व्याही बघत होते, विहिणी एकमेकींना खुणावत होत्या. रुपाली म्हणाली, "तरी मी सांगत होते, घरचे प्रयोग नकोत." अनुजाच्या डोळ्यात पाणी. खालच्या दुकानातून आणलेली साधी हळद लावली तिला. मला फक्त बोलायचं होतं, हिने तपासलं होतं, घाण मी केली. तोंड उघडलंही. पण समोर एवढी माणसं, त्यात व्याही. मी बाही खाली केली आणि पाणी प्यायला गेलो. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

लग्न छान झालं, पोरीचा चेहरा स्वच्छ. पण बातमी आमच्या आधी चाळीत पोचली. पंधरा दिवसांत सात बाटल्या परत आल्या. काही तर अर्ध्या वापरलेल्या. हिने त्या पुसून फळीवर लावल्या. मला एक टोमणाही नाही. त्यापेक्षा भांडी आपटली असती तर परवडलं असतं.

शेवटी मीच दारोदार गेलो. तिन्ही मजले फिरलो, रुपालीलाही फोन केला, खरं काय ते सांगितलं. कुशाबा हसला, बाकीच्यांनी "असू दे हो" म्हटलं. चार बाटल्या परत गेल्या.

काल हिने नवं उटणं कालवलं. मी आपणहून बाही वर करून समोर बसलो. बॉलपेनसुद्धा आणून ठेवलं. हिने वाटी उचलली आणि स्वतःच्या हातावर चौकोन काढायला लागली, एकाच हाताने, वेडावाकडा.

"अगं, तुझ्या कातडीवर कळत नाही, तूच म्हणतेस. माझा हात घे ना."

"हात चांगलाच आहे हो तुमचा," ती म्हणाली. "पण उद्या काय झालं ते सांगणार तुम्हीच ना?"