आत्रामचं आश्रम कसं झालं

"बाबू, माह्या पोरीचं आडनाव आश्रम कवा झालं?"

प्रश्न मला नव्हता. खिडकीबाहेरून मारोती आत्राम हे ऑफिसचे क्लार्क मेश्राम बाबू यांना विचारत होते. मी बाबूंच्या टेबलाखाली पोटावर पडून प्रिंटरची वायर बदलत होतो. बावन्नाव्या वर्षी टेबलाखाली शिरणं जमतं, निघणं जमत नाही. त्यामुळे पुढचं सगळं संभाषण मी बाबूंच्या चपलांकडे बघत ऐकलं.

"पोरगी आश्रमशाळेतच शिकली ना तुमची?" बाबू म्हणाले.

"शिकली. म्हून काय आडनाव शाळेचं लावता? तुम्ही झेडपीत शिकले, तं तुमचं आडनाव झेडपी हाय काय?"

मी हसलो. टेबलाखाली असताना हसू नये, डोकं आपटतं. कसाबसा बाहेर आलो आणि खिडकीतून तो कागद हातात घेतला. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला सगळे टीसी म्हणतात. नाव: आश्रम ललिता मारोती. माझं हसू तिथेच संपलं, कारण तो दाखला छापणारं सॉफ्टवेअर तीन आठवड्यांपूर्वी मीच अपग्रेड केलं होतं.

मी वणीचा. कॉम्प्युटर विकणं, दुरुस्त करणं आणि लोकांच्या शिव्या खाणं, हा माझा तीस वर्षांचा धंदा. मुकुटबनच्या बाजूच्या या संस्थेचं काम माझ्याकडे होतं. आश्रमशाळा आणि ज्युनिअर कॉलेज एकाच आवारात, ऑफिस एकच. दाखल्याचं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षं म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबात म्हातारपण. कंपनी एका दिवशी जाहीर करते की या व्हर्जनचा सपोर्ट बंद. म्हणजे ते त्या दिवशी मरत नाही. चालत राहतं. फक्त आजारी पडलं तर डॉक्टर येणार नाही. मी दर जून महिन्यात संस्थेच्या सचिवांना हे सांगायचो, आणि ते दर जून महिन्यात एकच उत्तर द्यायचे.

"गावंडे, चालून राह्यलं ना?"

"चालतं साहेब, पण..."

"मंग कायले हात लावता?"

हे वाक्य आमच्याकडे पाळण्यातच शिकवतात की काय, मला शंका आहे. बैलगाडीच्या आखापासून माणसाच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला तेच लागू. आणि मी? मी "बरं साहेब" म्हणून चहा पिऊन घरी यायचो. एकदाही टेबलावर हात आपटला नाही. चहा चांगला असायचा.

मग यंदा शासनाच्या नव्या पोर्टलने जुन्या कॉम्प्युटरवर उघडायलाच नकार दिला. सचिवांचा फोन आला, "गावंडे, आजच्या आज नवं करून द्या." अकरा वर्षं ज्याला वेळ होता, त्याला आता एक दुपार मिळाली. मला तेव्हाच राग यायला हवा होता. पण माझं म्हणणं शेवटी खरं ठरलं, याच आनंदात मी मोटरसायकल काढली.

आता जरा अडचण समजावून सांगतो. जुन्या सॉफ्टवेअरमधलं मराठी हे खरं मराठी नव्हतंच. आपण टाइप करायचो, कॉम्प्युटर मनात इंग्रजी खुणा साठवायचा, आणि फॉन्ट त्या खुणांवर मराठी अक्षरांचे मुखवटे चढवायचा. नव्या व्हर्जनमध्ये अक्षर खरोखर अक्षर म्हणूनच साठवतात. तेव्हा जुनी सगळी नावं नव्यात आणताना एक कन्व्हर्टर लागतो. त्याच्याकडे एक यादी असते: या खुणेवर हा मुखवटा होता, त्या खुणेवर तो.

मी कन्व्हर्टर चालवला. हजारो नावं पाच मिनिटांत बदलली. तपासायला नको का? तपासलं ना! आधीच जुन्यात स्वतःचं नाव टाकून ठेवलं होतं. नव्यात ते जसंच्या तसं आलं, गावंडेवरच्या अनुस्वारासकट. बायकोचं टाकलं होतं, तेही बरोबर. मग स्क्रीनवर रजिस्टरचं पहिलं पान पाहिलं. बोढे, पाटील, ठेंगणे, राठोड, सगळे ठाकठीक. मी कागदावर 'ओके' लिहून सही ठोकली. सचिव म्हणाले, जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याचं काय करायचं? मी ऐटीत म्हणालो, आता तो काही कामाचा नाही. सोमवारी तो भंगारात गेला.

संध्याकाळी घरी बढाई मारली. बायको भाजी निवडत होती. "माझं नाव कायले टाकलं तिथं? मी काय त्या शाळेत शिकले?" एवढंच म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

तर आता तो दाखला माझ्या हातात होता. ललिता बापाच्या मागे उभी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद छातीशी धरून. तिला यवतमाळला नर्सिंगला जागा मिळाली होती. शनिवारी कागदपत्रांची तपासणी. आज गुरुवार. जातीच्या दाखल्यावर आत्राम, बारावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत आत्राम, आणि टीसीवर आश्रम. तपासणीच्या टेबलावर बसलेला माणूस ललिताला ओळखत नाही. तो फक्त अक्षरं जुळवतो. जुळली नाहीत की म्हणतो, बाजूला उभे राहा. मग जागा पुढच्या नंबराला जाते.

मी बाबूंना बाजूला घेतलं. "बाबू, खरं सांगा. कॉम्प्युटरमध्ये आश्रम होतं?"

"नाही. आश्राम होतं. श ला र, मंग काना. मले वाटलं टायपिंगची चूक हाय. काना काढून टाकला."

"एकट्या ललिताचा?"

"नाही भाऊ, लय जणांचं तसंच होतं. तुम्ही शिकवलं होतं ना ते, शोधा आणि बदला? एका झटक्यात सगळे आश्रम करून टाकले."

ही विद्या खरंच मी शिकवली होती. कौतुकाने शिकवली होती.

"अजून काय बदललं?"

बाबू घुटमळले. "माह्यं आडनाव."

"म्हणजे?"

"मेत्राम झालतं. सगळ्याच मेश्रामांचं. ते मी त्याच दिवशी नीट करून घेतलं."

"आणि मला सांगितलं काहून नाही?"

"तुम्हाले कायले तरास द्या!"

त्या क्षणी मला मेश्राम बाबूंचा इतका राग आला की खुर्चीवर बसावं लागलं. मेश्रामचं मेत्राम, आत्रामचं आश्राम. त्र च्या जागी श्र, श्र च्या जागी त्र. त्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या, आणि एकीत या दोन अक्षरांच्या जागा दुसरीच्या उलट होत्या. माझ्या कन्व्हर्टरची यादी नेमकी दुसरीची होती. सॉफ्टवेअरचं व्हर्जन मी दहा वेळा पाहिलं होतं. फॉन्टचंही व्हर्जन असतं, हे मी विसरलो. आणि गावंडेमध्ये ना त्र आहे ना श्र. बाबूंनी निदान चूक पाहून स्वतःचं नाव तरी नीट केलं. मी तर माझं नीट आलं म्हणून चूक शोधणंच सोडलं. मग राग नेमका कोणाचा करायचा? मी दोघांचाही केला.

पुन्हा कन्व्हर्टर चालवायला जुना डबा नव्हता. सरसकट उलटापालट करावी, तर बाबूंनी नीट केलेले मेश्राम पुन्हा मेत्राम झाले असते. पण हाताने लिहिलेलं जाड दाखल-खारीज रजिस्टर कपाटात होतं. त्यात निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं: आत्राम. मी म्हणालो, हे बघून नवीन टीसी छापू, प्राचार्य मॅडमची सही घेऊ, संपलं.

संपलं कुठलं! सचिव आले.

त्यांनी सगळं ऐकलं, बापलेकींना आत बोलावलं, आणि बाबूंना एक कागद लिहायला सांगितला. अर्ज. खाली पालकाची सही. "सोपं काम हाय," ते म्हणाले. "मारोतीभाऊ, अंगठा देता की सही?"

"सही येते मले," मारोतीभाऊ म्हणाले. "ललिता, वाच वो आधी."

ललिताने वाचलं. "माझ्या पाल्याच्या आडनावात 'आश्रम' ऐवजी 'आत्राम' असा बदल करून मिळावा, ही विनंती."

मारोतीभाऊंनी पेन टेबलावर ठेवलं.

"म्हंजे आमी पयले आश्रम होतो?"

"तसं नाही हो, फॉर्म्यालिटी हाय."

"उद्या कोणी म्हणीन, कोलाम व्हाले आडनाव बदलवलं. कागद तं तुमच्याजवळच राहीन." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी बदल मांगून राह्यलो नाही साहेब. बदल तुम्ही केला. मले माह्यं वापस द्या."

"बाप्पा, सही करा न् मोकळे व्हा. शनिवार जवळ आला."

"म्हूनच तं तुम्ही दाबून राह्यले."

मारोतीभाऊ पोडावर राहतात. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. तिथून सकाळी निघून, बापलेकी दोन ठिकाणी गाडी बदलून आले होते. आणि त्या एका कागदाचा धोका त्या माणसाला सचिवांपेक्षा आधी कळला होता. जातपडताळणीत एक जुनं रेकॉर्ड वेगळं निघालं की पोरीनं आयुष्यभर खुलासे द्यायचे. सचिवांना हे कळत नव्हतं, असं मी समजत नाही. त्यांना कळत होतं. फक्त चूक कोणाच्या तरी अंगावर जायला हवी होती, आणि समोरचा माणूस खिडकीबाहेरचा होता.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी लिहून देतो."

"गावंडे, वेडे झाले काय? लिहून काही देऊ नोका. सॉफ्टवेअरची चूक म्हणा."

"सॉफ्टवेअरला सही येत नाही."

हे वाक्य मी फार बाणेदारपणे म्हटलं, असं घरी सांगतो. खरं म्हणजे लेटरहेड काढलं आणि पुढे लिहवेना. या तालुक्यातल्या तीन संस्थांची कामं याच सचिवांच्या शब्दावर मिळाली होती, आणि माझ्या दोन मुली शिकत होत्या. मी दोनदा पेन उचललं आणि दोनदा टोपण लावलं. मग मारोतीभाऊंच्या त्या खाली ठेवलेल्या पेनाकडे पाहिलं आणि लाज वाटली. लिहिलं: 'संगणकीय रूपांतर करताना माझ्याकडून झालेल्या चुकीमुळे मूळ नोंदीतील आत्राम हे आडनाव चुकीचे छापले गेले. मूळ नोंदीत कोणताही बदल झालेला नाही.' खाली सही, शिक्का.

सचिवांच्या मागोमाग प्राचार्य मॅडमही ऑफिसात आल्या होत्या. त्यांनी पत्र घेतलं, रजिस्टर उघडलं, बोट ठेवून आडनाव जुळवलं. "अर्जाची गरज नाही," त्या सचिवांकडे न बघता म्हणाल्या. "छापा."

मी आडनाव दुरुस्त केलं आणि प्रिंटचं बटण दाबायला गेलो.

"सर, थांबा," ललिता म्हणाली. तोवर तिचा आवाज मी कागद वाचतानाच ऐकला होता. "मायचं नाव चिश्रा झालं."

स्क्रीनवर आईचं नाव होतं. चित्रा हवं होतं, चिश्रा होतं. त्याच खुणेची तीच चूक, माझ्या नाकापासून एक वीत अंतरावर. चुकीचं कारण पाऊण तासापूर्वी मीच शोधलं होतं, आणि तरी ही चूक मला दिसली नाही. मारोतीभाऊ माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. "साहेब, तुम्हाले चष्मा लागला वाट्टे."

दाखला निघाला. ललिताने तो वरून खाली वाचला, मग खालून वर. मग पिशवीत ठेवला.

शनिवारी दुपारी मारोतीभाऊंचा फोन आला. "झालं साहेब. काहीच नाही विचारलं." तीन आठवड्यांत मी ऐकलेलं सर्वात चांगलं वाक्य ते होतं. नंतर बाबू आणि मी चार दिवस रजिस्टर घेऊन बसलो. ते वाचायचे, मी सुधारायचो. श्रावणचे त्रावण झाले होते, मैत्रेयीची मैश्रेयी. एकेक नाव नीट करताना मी बाबूंना शिव्या दिल्या, सचिवांना दिल्या. स्वतःला दिलेल्या तेवढ्या मनातल्या मनात दिल्या, ऑफिसात बायका होत्या.

पुढच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. 'आपल्या लेखी कबुलीच्या अनुषंगाने' माझं काम बंद करण्यात येत आहे. बायकोने ते दोनदा वाचलं. "अकरा वर्षांत त्यांनी हेच एक अपग्रेड वेळेवर केलं," म्हणाली, आणि भाकरी थापायला गेली.

लोक अजून विचारतात, भाऊ, जुनं चालून राह्यलं, नवं घ्यावं की नाही? घ्या. पण जुनं चालत असतानाच घ्या, दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतं तोवर. जुना डबा वर्षभर कपाटावर राहू द्या, त्याला चारा लागत नाही. आणि तपासायला मला बोलावू नका. ज्यांची नावं आत आहेत, त्यांच्यातल्या कोणालातरी खुर्चीवर बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा.