धोंड्याच्या महिन्यात पोट उतरवताना

नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या वजन उचलण्याच्या स्पर्धेत माझा नेहमी चौथा नंबर यायचा. ऐकायला बरं वाटतं, पण पंचाहत्तर किलोच्या गटात आम्ही उतरायचोच चारजण. जालन्यातल्या आमच्या पत्र्याच्या जिमचे उस्ताद दर वेळी तेच ऐकवायचे, "पोट तुझं पंचाहत्तरचं हाय अन् ताकद सदुसष्टची. मंग बराबर कसं बसायचं?" लग्नाला वर्ष झालं होतं, सासरी पदक दाखवायची हौस होती, त्यामुळे हे फारच झोंबलं. चरबी उतरवून खालच्या, साडेसदुसष्टच्या गटात जायचं, असं मी ठरवलं. तिथं पदक मिळण्यासारखं होतं.

आता पंचाईत अशी, की जेवण कमी केल्यावर व्यायाम कोणता करायचा? उस्ताद म्हणाले, "हलकं वजन घे अन् मारत राह्य. घाम निघाला की चरबी जल्दी जाते." मी त्यांचं ऐकलं. पंधरा दिवसांत माझे हात असे गळाले की सकाळी भांग पाडताना कंगवा डोक्यापर्यंत नेणं हेच मोठं काम होऊन बसलं. ऑफिसात मॅनेजर बोलत असताना मी त्यांच्यासमोर बसून चक्क घोरलो. आणि ज्या वजनाशी मी पूर्वी खेळायचो ते आता जमीन सोडेना.

मग रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर एक जुनं हिंदी मासिक मिळालं. त्यात बरोबर उलटं लिहिलं होतं. खाणं कमी असताना वजन जडच ठेवा, पण थोडंच करा. आठवड्यातून तीनच दिवस, मोजके सेट, आणि घरी जाऊन झोपा. हे वाचून उस्ताद भडकले. "मंग जा, त्या कागदालाच म्हण बार पकडायला!" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

एकीकडे उस्ताद, दुसरीकडे मासिक. शेवटी निकाल बायकोनं लावला. ती परतूरची, शेतकऱ्याच्या घरातली. ज्वारीची रास बघून पोती किती भरतील ते सांगणारी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्यानं ताकद ऱ्हाते ते करा. पोटाचं मी पाहते." त्या दिवसापासून मी मासिकाचं ऐकून जड वजन धरलं; घरात भाकऱ्या कमी झाल्या, तेल चमच्यानं पडायला लागलं, मटकी आणि उकडलेली अंडी आली. मी मुकाट्यानं खायचो. ती समोर बसायची.

मी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात कारकून होतो. घरी वजनकाटा नव्हता, म्हणून गोदामातल्या काट्यावर चढायचो. हमाल पोत्यासारखंच माझंही वजन मोठ्यानं पुकारायचे आणि वर म्हणायचे, "घट आली, साहेब!" घट येता येता स्पर्धेच्या आठवड्यात मी साडेसदुसष्टच्या आत कसाबसा बसलो. आता एक लाडू जास्त झाला तरी गट हुकणार होता.

आणि नेमका तो अधिक महिना निघाला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर तुपाची धार, शिवाय तेहतीस अनारसे. पहिलाच धोंड्याचा महिना, नाही म्हणायची सोयच नव्हती. रविवारी स्पर्धा आणि गुरुवारी आम्ही परतूरच्या गाडीत.

दारातच सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्या गालांकडे बघून डोळ्याला पदर लावला. सासरे तंबाखू मळायची विसरले. थोड्या वेळानं मेव्हण्यानं मला गोठ्यामागं नेलं.

"दाजी, शुगर निघाली का?"

"न्हाई हो. मुद्दाम कमी खाऊन राह्यलो. स्पर्धा आहे."

"मुद्दाम?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डॉक्टर आपल्या वळखीचा हाय. कुणाला बिलकुल कळणार न्हाई."

मुद्दाम उपाशी राहणारा माणूस त्यानं आजवर तहसील कचेरीसमोरच्या मांडवातच पाहिला होता. मी चरबी, सेट, मासिक सगळं समजावलं. जितकं समजावलं तितका आजार पक्का होत गेला. शेवटी वैतागून मी ओसरीवरच्या ज्वारीच्या पोत्याकडे बोट दाखवलं. क्विंटलचं पोतं. म्हटलं, "आजारी माणसाला हे उचलवेल का?"

अंगणात शेजारीपाजारी जमले. पोत्याला बारसारखी मूठ नसते, हे मला मिठी मारल्यावर कळलं. नाकातोंडात भुस्सा गेला, पण मासिकाची कृपा, पोतं उठलं. मी ते छातीशी धरून अंगण ओलांडलं आणि पलीकडच्या ओट्यावर टेकवलं. मेव्हण्यानं शिट्टी मारली. मी मिशीवर हात फिरवत सासऱ्यांकडे पाहिलं.

"म्हंजे आजार न्हाई," सासरे म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "मंग आपल्या पोरीनंच खाऊ घातलं न्हाई की काय?"

झालं. मी स्वतःला सोडवायला गेलो आणि बायकोला अडकवून बसलो. आत सासूबाईंचा आवाज चढला. "लोक काय म्हंतील? लेकीला रांधायला शिकवलं न्हाई म्हंतील!" बायकोनं माझी बाजू सांगायचा प्रयत्न केला, पण तिथं कोण ऐकतंय! मी ओसरीवर घाम पुसत उभा होतो. नऊ धोंडे खाऊन तिची अब्रू वाचवावी की उपाशी राहून पदक वाचवावं, हे मला ठरवता येईना.

ताटं मांडण्याआधी सासूबाई बडबडतच लेकीला बांगड्या भरायला बसल्या. नेहमीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या परातीत आणून ठेवल्या होत्या. पहिली घातली, ती सरळ कोपरापर्यंत गेली. हात खाली केला तर निसटून परातीत पडली. दुसरीचंही तेच झालं. सासूबाईंनी तिचं मनगट उलटसुलट करून पाहिलं.

"तुझे हात कुठं गेले गं, माय?"

बायको खाली बघत म्हणाली, "त्यांच्यासमोर बसून मी येकटी कशी पोटभर खाऊ? जमलं न्हाई."

इतके महिने मी आरशात माझं पोट बघत होतो, काट्यावर माझं वजन पुकारलं जात होतं. समोर बसणारी बाई तोळ्या-माशानं कमी होत होती आणि मला पत्ता नव्हता. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

सासूबाईंनी जावयाचा पाट बाजूला सारला आणि लेकीचा हात धरून म्हणाल्या, "आज आधी तू बस." पण ताट समोर येऊनही ती धोंड्याला हात लावेना. माझ्याकडेच बघत राहिली. मी तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली, एक धोंडा फोडला आणि सासूबाईंना म्हटलं, "मामी, तूप वाढा."

"अन् रविवार?" बायको हळूच म्हणाली.

"रविवार गेला खड्ड्यात. खा."

मी पहिला घास घेतल्यावरच तिनं घेतला. मग मात्र ती वर न बघता, कुणाशी न बोलता जेवत राहिली. सासूबाई वाढत होत्या आणि ती संपवत होती. माझ्या घरात कुणाला एवढी भूक लागली आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.