उत्तमचंदशेठच्या चौदा तिथी

नियम मोडणाऱ्याला नियमांचा जाच होत नाही. तो होतो उत्तमचंदशेठसारख्या माणसाला. शहाद्यात लोणखेड्याच्या वाटेवर ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा हा माणूस सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट घेत नाही, आठम-चौदसला हिरवी भाजी खात नाही, आणि रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी दुचाकी वळवताना हात दाखवतो. साथीच्या पहिल्या वर्षी दुकानासमोर गोल आखा, असं नगरपालिकेनं सांगितलं. बाकीच्यांनी खडूनं आखले. शेठनी दोरी धरून ऑइलपेंटनं आखले. ते गोल अजून तिथं आहेत. दुपारी त्यांत कुत्री झोपतात, तीही एकेका गोलात एकेक.

घरात ते मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि सरकारशी मराठी. तिन्ही भाषांत त्यांचा स्वर एकच असतो : मी माझं केलं, आता तुमचं तुम्ही करा. साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात हा स्वर कामाला येईना.

त्या वर्षी त्यांच्या पत्नीनं, गवराबाईंनी, वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपवास, म्हणजे फक्त उकळून निववलेलं पाणी आणि तेही उजेड असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोन वेळा बसून जेवण. पुन्हा उपवास. असं वर्ष उलटून जाईपर्यंत, आणि शेवटी अखातीजेला उसाच्या रसानं पारणं. पहिले तीर्थंकर वर्षभर उपाशी हिंडले, कारण साधूला काय द्यायचं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक हत्ती देत, घोडे देत, दागिने देत. शेवटी त्यांच्या पणतूनं त्यांच्या ओंजळीत उसाचा रस ओतला आणि उपवास सुटला. म्हणून पारणं करवणारा हात पोटच्या मुलाचा असावा, हे गवराबाईंनी पहिल्याच उपवासाला मनाशी ठरवून टाकलं होतं. तो हात रिषभचा. रिषभ त्यांचा एकुलता मुलगा, दुबईत एका कंपनीचं गोदाम सांभाळतो.

आधी मनसुबे मोठे होते. पालिताण्याला जायचं, तिथं शेकडो तपस्व्यांबरोबर बसायचं. साथीनं पालिताणा काढून घेतलं. मग गावातल्या मंदिरातला सोहळा आणि बँड गेला. मुलगी नेहल सुरतेत दिलेली. हद्दीवर पास लागतो आणि पासासाठी जे कारण लागतं त्यात पारणं बसत नाही, म्हणून तिचं येणंही गेलं. उरला फक्त रिषभचा हात. गवराबाई वाळत चालल्या होत्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, पण त्या एका हातावर त्या चालल्या होत्या.

तिकीट कधीचं काढायचं हे उत्तमचंदशेठनी ठरवायचं होतं. परदेशातून आलेल्याला किती दिवस वेगळं ठेवतात हे विचारायला त्यांनी सरकारी फोन लावले. एका फोनवर सांगितलं, सात दिवस हॉटेलात आणि सात दिवस घरी. दुसऱ्या फोनवर सांगितलं, लस घेतली असेल तर थेट घरी. तिसऱ्यानं विचारलं, कुठली लस? चौथ्यानं सांगितलं की कालपर्यंत तसं होतं, आजचा आदेश यायचा आहे. एका बाईंनी तर फारच गोड आवाजात सांगितलं की नियम वेबसाइटवर आहेत आणि वेबसाइट बंद आहे. या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट सगळे सारखी बोलत होते : एकूण चौदा.

चौदा म्हटल्यावर शेठना बरं वाटलं. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, अखातीजेवर बोट ठेवलं आणि मागं मोजत गेले. तीज, बीज, एकम, अमावस. बरोबर चौदा तिथी मागं जाऊन थांबले आणि रिषभला म्हणाले, या दिवशी उतर. ज्या माणसानं आयुष्यभर काय खायचं, कधी उपाशी राहायचं, दुकानाचं कुलूप कोणत्या मुहूर्तावर उघडायचं हे तिथीवर ठरवलं, त्याला चौदा म्हणजे चौदा तिथी. तारखा बँकेसाठी असतात.

रिषभ उतरला. मुंबईच्या हॉटेलात सात दिवस राहिला. तिथल्या प्रत्येक भाजीत बटाटा किंवा कांदा, म्हणून बॅगेतले खाकरे खाऊन राहिला. तपासणीत काही निघालं नाही. मग गाडी करून शहाद्याला आला, आईच्या पाया पडायला वाकला आणि बापानं ओरडून त्याला लांबूनच थांबवलं. वरच्या मजल्यावरची खोली तयार होती. स्वतंत्र संडास, स्वतंत्र बादली, स्वतंत्र ताट. दारावर नगरपालिकेचा कागद. उपवासाच्या दिवशीही गवराबाई जिना चढून दारापाशी बसत, आतून तो बोलत असे, बाहेरून त्या. दुबईला असताना निदान फोनवर तोंड दिसायचं, असं त्या एकदा म्हणाल्या. शेठनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

लक्ष ठेवायला दलसिंग गुरुजी येत. तोरणमाळच्या पायथ्याकडचे, पावरा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. शाळा बंद म्हणून त्यांना साथीच्या पथकात घातलेलं. मुलांना पाढे शिकवणारा माणूस आता रोज दारोदार जाऊन खिडकीतल्या माणसाचा फोटो काढायचा आणि तो वर चढवायला सिग्नल शोधत रस्त्यावर मोबाईल उंच धरून उभा राहायचा. उत्तमचंदशेठना गुरुजी आवडत. वेळेवर येत, मास्क नाकावर असे. ते गुरुजींना सावलीत खुर्ची देत, आणि बाकीच्यांचं वागणं कसं चुकतं यावर दोघं थोडं बोलत.

अखातीजेच्या आदल्या दिवशी गुरुजी आले तेव्हा शेठ उत्साहात होते. उद्या सकाळी दार उघडणार, ऊस सांगून ठेवलाय, रसवंतीवाला मागच्या दारानं चरक फिरवून देणार. गुरुजींनी वर बघितलं आणि म्हणाले, "उद्या नाही, शेठ. परवा."

शेठ हसले. त्यांनी आत जाऊन पंचांग आणलं आणि गुरुजींसमोर मोजून दाखवलं. गुरुजींनी खिडकीकडे बघून रिषभला हात दाखवायला सांगितलं. रिषभनं मनगटावरचा शिक्का पुढं केला. गुरुजींनी तारीख वाचली. तारीख परवाचीच होती. मग दोघंही पंचांगावर वाकले, आणि गुरुजींच्याच लक्षात आलं की त्या पंधरवड्यात एका तिथीचा क्षय आहे. एका चौकटीत दोन तिथी कोंबलेल्या. चौदा तिथी झाल्या होत्या. दिवस तेराच झाले होते.

इतका वेळ मराठीत चाललेलं बोलणं शेठनी एकदम अहिराणीत नेलं.

"गुरुजी, तिथी ती तिथी. मन्हा एक दिवस कोनी खादा?"

गुरुजी म्हणाले की कुणी खाल्ला ते त्यांना सांगता येणार नाही, पण तो सरकारी नव्हता. शेठना हे बोलणं लागलं. गुरुजींना विनोद करायचा नव्हता हेही त्यांना कळत होतं, आणि म्हणून ते जास्त लागलं.

गवराबाईंना सांगायची वेळ आली. त्या ओट्यावर बसल्या होत्या, तो उपवासाचा दिवस होता. त्यांनी सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत.

"उद्या रिषभच्याच हातून घेईन," त्या म्हणाल्या. "नाहीतर घेणार नाही."

शेठनी डॉक्टरांचा विषय काढला. रक्तदाबाचा काढला. कुणाच्याही हातून घेतलं तरी पारणं होतं, मीच देतो, हेही म्हणून पाहिलं. शेवटी चिडून म्हणाले, असं अडून बसणं तपात बसतं का?

"आणि मोजायला चुकणं?" गवराबाई म्हणाल्या.

अखातीज उजाडली. आमच्याकडे या सणाला आखाजी म्हणतात. झाडांना झोके बांधतात, सासरी गेलेल्या पोरी येतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी कडुलिंब रिकामे होते आणि ऊन रस्त्याच्या मधोमध मोकळं बसलं होतं. शेठ सकाळपासून फोनला चिकटले होते. एका दिवसाची सूट हवी होती. एका दिवसाचीही नाही, एका घोटाची. पहिल्या माणसानं अर्ज ईमेल करायला सांगितला. दुसऱ्यानं विचारलं की अर्ज कुठल्या कारणासाठी, आणि धार्मिक म्हटल्यावर तो एकदम सावध झाला. तिसरा जरा माणसासारखा बोलला. म्हणाला, सूट फक्त अंत्यविधीला मिळते. घरात कुणी वारलंय का?

"अजून नाही," शेठ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नियम त्यांना वैरी वाटत होते असं नव्हे. त्यांना वाटत होतं की आपण आयुष्यभर ज्यांच्या बाजूनं उभे राहिलो ते आज आपल्याला ओळखत नाहीत. एक नियम बायकोचा, हजारो वर्षांचा. एक सरकारचा, गेल्या आठवड्यातला. दोन्ही खरे, आणि मधल्या जिन्यावर घामानं भिजलेले उत्तमचंदशेठ.

दुपार टळल्यावर गुरुजी फोटोसाठी आले. रस येऊन तासभर झाला होता, चांदीच्या गडव्यात, वर फडकं. सूर्य मावळण्याआधी घोट घेतला नाही तर तीज जाणार होती, आणि गवराबाईंना उपवासाला जोडून दुसरा उपवास पडणार होता. त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. शेठना एक युक्ती सुचली होती. दुकानातली कोरी नळी आणायची, वरच्या खिडकीतून खाली सोडायची, रिषभनं वरून रस ओतायचा, खाली आईनं ओंजळ धरायची. कुणी कुणाला शिवत नाही. त्यांनी हे गुरुजींना इतक्या तळमळीनं सांगितलं की गुरुजींनी खरोखरच खिडकीची उंची बघितली. मग मान हलवली. पेशंटच्या हाताला लागलेली कुठलीही वस्तू बाहेर येता कामा नये, ती पिवळ्या पिशवीत जाते.

"पेशंट नही शे तो," शेठ म्हणाले. "आनि पारनाना रस पिवळी पिशवीमा टाकू का मी?"

गुरुजींनी हात जोडले. म्हणाले, मी मास्तर आहे, शेठ, मला हे काही ठरवता येत नाही. माझी नोकरी आहे. त्यांचा आवाज खाली गेला होता.

गवराबाई इतका वेळ ओट्यावरून ऐकत होत्या. त्यांनी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, बाहेर काही यायचं नाही. आत जाऊ शकतं?"

गुरुजी म्हणाले, जेवण जातं, पाणी जातं. माणसानं जायचं नाही. कुणी गेलंच, तर त्यालाही मग बाहेर येता येत नाही, त्याचे चौदा दिवस नव्यानं सुरू होतात आणि आतल्याचेही पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांनी ताकीद म्हणून सांगितलं. गेल्या महिन्यात एका घरी असंच झालं होतं.

गवराबाईंनी मान डोलावली, जणू भाजीचा भाव पटला. गडवा उचलला आणि जिना चढू लागल्या. शेठना वाटलं, रोजच्यासारख्या दारापाशी बसायला चालल्या. ते गुरुजींना पुन्हा नळीचंच पटवत होते. वर कडी वाजली. मग दाराची आतली कडी लागली.

रिषभचा आवाज आला, "मम्मी, हे काय करतेस?" शेठ दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले, दारावर हात मारला, मग नियम आठवून हात मागं घेतला. आतून नवकार मंत्र ऐकू आला, हळू, दोन आवाजांत. मग गवराबाईंचा ठसका, आणि रिषभ रडत होता की हसत होता ते दारातून कळत नव्हतं.

खाली गुरुजी डोकं धरून बसले होते. त्यांना हे कळवावंच लागणार होतं. कळवलं की विचारणार, तुम्ही तिथं असताना हे कसं झालं. शेठ जिन्यातून त्यांच्याकडे बघत राहिले. या घरात आजवर एकही नियम मोडला गेला नव्हता, आणि आज मोडला तोही घरातल्या सर्वांत कडक माणसानं. गुरुजींनी शेवटी पिशवीतून नवा कागद काढला, पेन काढलं आणि खालूनच विचारलं, बाईंचं पूर्ण नाव, वय? शेठनी सांगितलं. रागानं त्यांना वय नीट आठवेना, तेव्हा आतून गवराबाईंनीच सांगितलं. रिषभच्या कंपनीनं दिलेली रजा संपत आली होती.

गुरुजी गेल्यावर शेठ दाराजवळच्या पायरीवर बसले. आपण काय केलंय हे तुला कळतं का, असं त्यांनी दाराला विचारलं. आता मी एकटा खाली. लोक काय म्हणतील, ते सोड. पुन्हा काही झालं तर?

"मूग भिजवलेत," गवराबाई आतून म्हणाल्या. रसानं घसा ओला झालेला आवाज, वर्षभरात इतका ओला ऐकला नव्हता. "शिजवून त्यांचं पाणी पाठवा. उजेड आहे तोवर."

उत्तमचंदशेठनी चाळीस वर्षांच्या संसारात गॅस पेटवला नव्हता. ते पायरीवरून उठले. मग विचारलं, "कुकरला शिट्ट्या किती द्यायच्या?"

आतून एकदम दोन आवाज आले. गवराबाई तीन म्हणाल्या, रिषभ पाच.

"एक काय ते ठरवा," शेठ दाराला म्हणाले, आणि आत दोघांचं ठरेपर्यंत तिथंच उभे राहिले.