दर जुम्म्याची पोटदुखी

उदगीरच्या खानावळीतल्या म्हाताऱ्या मुसलमान आचाऱ्याचे उपकार आधी मानतो, मग काय झालं ते सांगतो.

निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी असे, आणि खानावळीत मटण. मी शाळा अर्धवट सोडून वसईहून इथे आडतीच्या दुकानावर कामाला आलेला, कॅथलिक. शुक्रवारी आम्हाला मांस वर्ज्य. घरी आई त्या दिवशी मटण करतच नसे, त्यामुळे आपोआप पाळलं जायचं. इथे ते माझं मलाच पाळायचं होतं. पण खानावळीतल्या सोबत्यांना माझा धर्म कळला तर पंगतीतून उठवतील, ही धास्ती. म्हणून पोट दुखतं म्हणायचो.

आचारी माझ्या हातावर ओवा ठेवायचा आणि मी तो चावेपर्यंत कमरेवर हात देऊन समोर उभा राहायचा. एकदा भर पंगतीत म्हणाला, "बेटा, तुझं पोट बी जुम्मा बघूनच दुखून राहिलं का?"

सगळे हसले. मग मी सांगूनच टाकलं, "आमच्या प्रभू येशूनं शुक्रवारी प्राण दिला, चाचा. म्हणून खात नाही."

"देवासाठी सोडतोस, आन् नाव पोटाचं सांगतोस?"

शेजारचा औशाचा हमाल म्हणाला, "म्या बी सोमवारी खात न्हाई की. घे डाळ."

कुणी उठवलं नाही. उलट येशूबद्दल विचारत बसले, आणि मी न अडखळता सांगत बसलो. जीव हलका झाला.

चाचा, एका नाताळाला तुम्हाला वसईला नेईन. आमच्या अंगणात बसवून स्वतःच्या हातानं वाढीन.