मिलिंदला शार्कनं नेलं नाही

"मिलिंदला शार्कनं नेलं हो..." आमच्या मराठी मंडळातल्या दामलेकाकांचा फोन आला तेव्हा मी मीना बाजारात पडद्याचं कापड घेत होते. दुकानातून बाहेर आले, टॅक्सी केली आणि हॉस्पिटलमध्ये गेले. माझा मावसभाऊ तिथे चादरीखाली होता, आणि त्याच्या अंगावर एकही चावा नव्हता. उजव्या घोट्याभोवती मात्र करकचून आवळलेल्या पट्ट्याचा वळ होता, निळा पडलेला. बुडून मृत्यू, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पण मी घरी पोचेपर्यंत अर्ध्या बर दुबईत शार्क पसरला होता. आज दीड महिना झाला, अजून तोच चाललाय. म्हणून हे लिहितेय.

मिलिंद सोलापूरचा. विहिरीत पोहायला शिकला, समुद्र पाहिला तो थेट दुबईत आल्यावर. मरीनाकडच्या एका टॉवरवर स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. मंदी आली, टॉवर अर्ध्यावर थांबला, क्रेनसुद्धा तशीच वर राहिली आणि मिलिंद घरी बसला. अनुजा, त्याची बायको, शाळेत शिकवते म्हणून तिच्या व्हिसावर राहता तरी आलं. एरवी असा माणूस दिवसभर सोफ्यावर पडून ईमेल बघत बसतो. हा जुमेराच्या किनाऱ्यावर गेला आणि चाळिशीत सर्फिंग शिकला. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तिथे लाटा येतात. फिलिपिनो, इंग्रज, लेबनीज... सगळे त्याला "यल्ला मिलिंद!" म्हणून पाण्यात ओढायचे. महिनाभर नुसता पडत होता. मग एक दिवस उभा राहिला आणि मला ऑफिसात फोन करून म्हणाला, "ताई, उभा राहिलो!" मला वाटलं नोकरीचं काहीतरी उभं राहिलं.

नोकऱ्या आमच्यातल्या अनेकांच्या गेल्या होत्या, उरलेल्यांच्या डळमळत होत्या. बर दुबईतल्या एका ज्योतिषानं उपाय सांगितला: शनिवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला. मंडळातली पाचसहा घरं खाडीवर जायला लागली. तिथल्या वॉचमननं हाकललं, तशी दामलेकाकांनी नवी जागा शोधली. मिलिंदच्याच किनाऱ्यावरचा दगडी बांध. का, तर तिथे पार्किंग मिळतं. एम.बी.ए. झालेली, बँकेत बसणारी माणसं स्टीलचे डबे घेऊन रांगेनं गोळ्या टाकायची, आणि त्यांच्यासमोर हाकेच्या अंतरावर पोरं लाटांवर असायची.

थोड्याच आठवड्यांत बारके मासे थव्यानं यायला लागले. त्यांच्यामागून शार्क आले, हातभर लांबीचे, काळ्या टोकाच्या पराचे. मिलिंदला त्यांची भीती नव्हती. "आपण त्यांच्या घरात जातोय, ताई. चपला बाहेर काढून जायचं," म्हणायचा. ते त्याच्या बोर्डाखालून जात, हा पाय वर घेऊन बसे. भीती त्याला होती ती त्यांच्यामागून आलेल्या माणसांची. शार्क धरायला कोणीतरी दगडांना जाड दोऱ्या बांधून, गळ लावून रात्रभर सोडून जायला लागलं होतं. सकाळी या दोऱ्या पाण्याखाली दिसत नसत. सर्फरांनी कितीतरी कापून टाकल्या, तक्रारही केली. दोऱ्या पुन्हा लागत.

एका शनिवारी मिलिंद ओल्या अंगानं बांधावर चढून आला. मी तिथे होते, अनुजाला सोडायला आले होते.

"काका, तुम्ही कणीक टाकता, ती खायला बारके येतात. बारक्यांना खायला शार्क, शार्कला धरायला ते गळवाले. आणि मध्ये आम्ही. बंद करा ना हे."

"अरे, तुझ्या नावानंही टाकतोय की चार!" काका म्हणाले. "तुझी नोकरी लागली की खलास."

"मग मलाच घाला ना जेवायला. माशांना काय इंटरव्ह्यू द्यायचाय?"

सगळे हसले. तोही हसला. दामलेकाकूंनी डब्यातली शेवटची गोळी त्याच्याच हातात दिली, टाक म्हणून. त्यानं ती परत डब्यात ठेवली. पुढच्या शनिवारी डबे तिथेच होते.

सर्फरच्या पायाला बोर्डाचा पट्टा बांधलेला असतो. एका सकाळी मिलिंदचा पट्टा गळाच्या दोरीत अडकला. वरून लाट, खालून दोरी. दोघा सर्फरांनी चाकूनं पट्टा कापून त्याला बाहेर काढेपर्यंत उशीर झाला होता. एवढीच गोष्ट आहे. ती कळायला कुंडली लागत नाही.

तेरावा नेमका शनिवारी आला. मी अनुजाकडे गेले तर स्वयंपाकघरात दामलेकाकू परातभर कणीक मळत होत्या. काका म्हणाले, "मिलिंदच्या आत्म्याला शांती म्हणून... सगळे मिळून त्याच बांधावर जाऊ." अनुजा भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. तेवढं पुरे होतं. मी काकूंच्या पुढ्यातली परात उचलली, गॅस पेटवला, तवा ठेवला.

"अहो, ती माशांची आहे," काकू म्हणाल्या. "मीठसुद्धा नाही तिच्यात."

"चालेल."

सगळ्या कणकेच्या पोळ्या केल्या आणि पहिली काकांच्या ताटात वाढली. "खा," म्हटलं. "संपेपर्यंत उठायचं नाही." सगळ्यांनी खाल्ल्या. त्या शनिवारी मासे उपाशी राहिले. शनीला काय करायचं ते त्यानं करावं.

मिलिंदचा बोर्ड अनुजाच्या हॉलमध्ये आहे, फ्रिजशेजारी भिंतीला टेकवून. जागा अडते, पण ती काढत नाही आणि मी काढ म्हणत नाही. भेटायला येणारे अजून आवाज खाली करून विचारतात, "शार्क... ना?" मी त्यांना चहा नंतर देते. आधी बोर्डापाशी नेते. वरपासून खालपर्यंत हात फिरवा म्हणते, एक दात सापडला तर सांगा. ते फिरवतात. मग खालच्या टोकाशी, सरळ कापलेल्या पट्ट्यावर, त्यांचा हात थांबतो.