भटूचा अर्धा पासवर्ड

भटूने मला फसवलं होतं. त्याला जाऊन आज एक वर्ष झालं, म्हणून ते विसरून जायचं असं मला जमत नाही.

मी रईस, तो कोरीटचा भटू. नंदुरबारला बसस्टँडमागे आमचं दोघांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवलं. मिरचीची गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर यायचं, पावती निघायची.

दर वर्षी प्रत्येक काट्याला नवी लायसन्स की लागायची. की संपली की सॉफ्टवेअर बंद.

बरेच काटे रेंज नसलेल्या जागी. म्हणून भटूने डोकं लढवलं. प्रत्येक कीवर आमची डिजिटल सही. ती सही ओळखणारी पब्लिक की काट्यावरच्या कॉम्प्युटरमध्येच, म्हणजे इंटरनेट लागायचं नाही. सही करणारी प्रायव्हेट की मात्र एकाच पेन ड्राईव्हवर, आमच्या ड्रॉवरमध्ये. पहिलीवरून दुसरी कुणाच्या बापाला बनवता येत नाही.

पेन ड्राईव्हला पासवर्ड. अर्धा त्याचा, अर्धा माझा. एकमेकांना सांगायचा नाही, ही अट माझीच.

मी माझा अर्धा टाकायचो तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसायचा.

त्याची पाळी आली की म्हणायचा, "रईस भो, तोंड तिकडे कर."

मी भिंतीकडे तोंड करायचो. तिथलं कॅलेंडर मला पाठ झालं होतं. त्याचं टाकून झालं की मागून आवाज यायचा, "व्हयनं."

सहा वर्षं असं चाललं.

मग नवापूरकडे एका काट्यावर आमचं सॉफ्टवेअर दिसलं. आमच्या यादीत तो काटाच नव्हता. वाटलं, कुणीतरी लॉक तोडलं. की तपासली. सही खरी निघाली.

खोटी निघाली असती तर बरं झालं असतं.

असे आणखी चार काटे सापडले. की कधी बनवली ते कीमध्येच लिहिलेलं असतं. सगळ्या शुक्रवारच्या, दुपारच्या. मी नमाजला गेलेलो असायचो तेव्हाच्या.

भटूला विचारलं. त्याने काही लपवलंही नाही.

"तू टाईप करतांना तोंडमा बोलस. मी पहिलाच दिन ऐकी लिन्हं."

"मंग इतला वरीस पाठ करीसन काब्र बसत व्हता?"

"तुले बरं वाटे."

त्या पाच काट्यांचं मी कधीतरी विसरलो असतो. या तीन शब्दांचं नाही.

त्याच दिवशी दुकान सोडलं. तीन वर्षं बोललो नाही. समोरून आला की मी रस्ता बदलायचो. तो नालायक तरी हाक मारायचा.

मागच्या वर्षी अटॅकने गेला. कोरीटला गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. निघताना वहिनींनी तो पेन ड्राईव्ह माझ्या हातात ठेवला.

"हाऊ तुमले दी टाक, आसं सांगेल व्हतं त्यासनी."

घरी आणून कपाटात टाकून दिला.

वर्षभर एकेका काट्याची की संपत गेली. फोन यायचे, मी उचलले नाहीत. भटूचं काम भटूला विचारा.

आज सकाळी त्याने बनवलेली शेवटची की संपली. प्रकाशा गावच्या काट्यावर गाड्या उभ्या, आणि मालक थेट माझ्या दारात. "रईसभाई, आते तुम्हीच दखा."

पेन ड्राईव्ह लावला. माझा अर्धा टाकला. ओठ हलत होते, माझं मलाच कळलं.

मग सवयीने खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याचा अर्धा मला माहीत नाही. सहा वर्षांत एकदाही ऐकला नाही, पाहिला नाही. मी खरंच कॅलेंडर बघत बसलो होतो.

आता नवी प्रायव्हेट की बनवायची आणि प्रत्येक काट्यावर स्वतः जाऊन सॉफ्टवेअर बदलायचं. उद्या प्रकाशापासून सुरुवात.

पण आज बराच वेळ तसाच बसलो, भिंतीकडे तोंड करून. मागून कुणी "व्हयनं" म्हणालं नाही.

भटू, राग अजून गेलेला नाही. तरी श्रद्धांजली घे.